महिन्याचा किराणा कुठून भरावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत असं दिसलं की, ग्रामीण कुटुंबाच्या महिन्याच्या खर्चातला सुमारे ४७ टक्के भाग खाण्यापिण्यावर जातो आणि शहरी कुटुंबाचा जवळपास ४० टक्के. बाहेरचं खाणं आणि चहापाणी त्यात धरलेलं आहे. तरीही घरातल्या एवढ्या मोठ्या खर्चाबद्दल आपण बहुतेक वेळा सवयीनंच ठरवतो: आई जिथून आणायची तिथून, किंवा शेजारी जिथून आणतात तिथून. मी पुण्यात राहते. आमच्या इमारतीतल्या काही घरांचं धान्य आम्ही एकत्र मागवतो, त्यामुळे हे प्रश्न माझ्यापर्यंत सतत येतात. मला जे पटलं आहे ते इथे लिहिते आहे. बहुतेक उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत, एक-दोन गोव्यातली.

सगळं सामान एकाच ठिकाणाहून घ्यावं का?

नाही. दुकान निवडण्याआधी यादी हातात घ्या आणि प्रत्येक वस्तूपुढे एकच प्रश्न विचारा: ही वस्तू सगळीकडे सारखीच मिळते का?

अमुक कंपनीचा साबण, टूथपेस्ट, चहा, मिठाची पिशवी, बिस्किटं हे सगळीकडे तेच असतं. तिथे फक्त भाव बघायचा आणि जिथे छापील किमतीवर जास्त सूट मिळेल तिथून घ्यायचं. तूरडाळीचं तसं नसतं. एका दुकानातली डाळ दोन शिट्ट्यांत मऊ होते आणि दुसरीकडची चार शिट्ट्यांनंतरही बोटचेपी होत नाही. तांदूळ, गहू, ज्वारी, शेंगदाणे, पोहे, गूळ, सुकं खोबरं, लाल मिरची, सगळ्यांची गत हीच. इथे नुसता भाव विचारण्याला काही अर्थ नाही. दाणा हातात घेऊन, वास घेऊन, एखादा दाताखाली धरून बघायला हवा आणि तो बघू देणारं दुकान हवं. तिसरा भाग रोजच्या किरकोळ गोष्टींचा: दूध, पाव, कोथिंबीर, अर्धा नारळ, पाव किलो रवा. त्यासाठी पायी जाता येईल एवढ्या अंतरावरचं दुकान सोडून दुसरीकडे जाऊ नये, कारण पेट्रोल आणि वेळ धरला तर दूरची स्वस्ताई उरत नाही.

म्हणजे धान्य-डाळी भुसार दुकानातून, कंपनीचा माल सूट देणाऱ्या मोठ्या दुकानातून आणि रोजचं कोपऱ्यावरून. बहुतेक शहरी घरांना ही विभागणी मानवते. याखाली जे आहे ते याच्याच तपशिलाचं आहे.

डी-मार्टमध्ये खरंच स्वस्त पडतं का? इतकी सूट त्यांना परवडते कशी?

कंपनीच्या मालावर खरंच स्वस्त पडतं, आणि त्यामागची कारणं साधी आहेत. राधाकिशन दमाणी यांनी पहिलं डी-मार्ट २००२ मध्ये मुंबईत पवईला काढलं. बऱ्याच दुकानांची जागा भाड्याची न घेता विकत घ्यायची हे त्यांचं धोरण सुरुवातीपासून राहिलं, त्यामुळे दर महिन्याच्या भाड्याचा बोजा नाही. मालाचे पैसे पुरवठादाराला लवकर चुकवले जातात आणि त्याबद्दल खरेदीतच भाव कमी मिळतो. प्रत्येक प्रकारात मोजकेच, भराभर खपणारे नग ठेवायचे, म्हणजे माल पडून राहत नाही. सजावटीवर खर्च जवळपास नाही. यात वाचलेला पैसा सूट म्हणून गिऱ्हाइकाकडे येतो आणि सूट आहे म्हणून गिऱ्हाईक येतं.

पण एकूण बिल कमी होतं का, हे मात्र घरागणिक वेगळं. ढकलगाडी घेऊन फिरताना यादीत नसलेला प्लास्टिकचा डबा, दोनवर एक फुकट असलेला सॉस, मुलांनी उचललेली चॉकलेटं हे सगळं गाडीत येतं. एक महिना हे करून बघा: घरी आल्यावर बिल टेबलावर पसरा आणि यादीत नव्हत्या त्या ओळींवर पेन्सिलनं खूण करा. खुणा केलेल्या ओळींची बेरीज मिळालेल्या सुटीपेक्षा जास्त भरली, तर तुमच्यासाठी ते दुकान स्वस्त नाही. बेरीज कमी असेल तर बिनधास्त जात राहा. शक्यतो मंगळवार-बुधवारी सकाळी जा. पगाराच्या आठवड्यातल्या रविवारी जायचं म्हणजे अर्धा दिवस रांगेत जातो.

मोठं पाकीट घेतलं की नेहमी स्वस्त पडतं ना?

नेहमी नाही. हा समज पुष्कळ घरांना महागात पडतो. वेष्टनबंद मालावर छापील किमतीबरोबर एककाची किंमतही छापावी लागते, म्हणजे ग्रॅममागे, किलोमागे किंवा लिटरमागे किती रुपये. अक्षरं बारीक असतात, पण पाकिटावरची सगळ्यात कामाची ओळ तीच. अर्ध्या किलोच्या दोन पाकिटांवर योजना चालू असली की एक किलोचं पाकीट त्याहून महाग पडल्याचं मी पुष्कळदा पाहिलं आहे.

तेलाबद्दल सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. आता बाजारात पंधराचा डबा मागितला की तो १५ किलोचाही असतो आणि १५ लिटरचाही. पंधरा लिटरच्या डब्यात सुमारे साडेतेरा किलोच्या थोडं वर तेल असतं. पंधरा किलोच्या डब्यात साडेसोळा लिटरच्या आसपास. दोन्ही डबे शेजारी ठेवले तर पटकन फरक कळत नाही, पण एका डब्यामागे जवळपास दीड लिटर तेलाचा फरक आहे. शिवाय काही पिशव्या दिसायला एक लिटरच्या, पण आत त्याहून कमी तेल. म्हणून तेल घेताना ‘पिशवी केवढ्याला’ हे विचारूच नका. पाकिटावरचं निव्वळ वजन ग्रॅममध्ये बघा आणि किलोचा भाव काढा. गोडेतेल, करडई, सूर्यफूल, सोयाबीन, सगळ्यांना हाच नियम.

मग कोपऱ्यावरच्या वाण्याकडे का जायचं? तो तर छापील किंमत घेतो.

आधी एक सांगा, तुम्ही त्याला कधी विचारलं आहे का? महिन्याची पूर्ण यादी एकत्र दिली आणि पैसे रोख किंवा लगेच यूपीआयनं दिले, तर बरेच दुकानदार छापील किमतीवर काही ना काही सोडतात. फुटकळ खरेदी करणाऱ्याला ते परवडत नाही. ठोक यादी देणाऱ्याला परवडतं. आपण मोठी यादी मॉलला नेतो, वाण्याकडे फक्त संपलेली हळद आणायला जातो आणि मग तो महाग आहे म्हणतो. त्याच्या बाजूनं विचार केला तर हे न्याय्य नाही.

आता भावापलीकडचं. वाण्याकडून दहा रुपयांची मोहरी मिळते. डाळीला सोनकिडे निघाले तर पिशवी परत घेतो, बिल मागत नाही. फोनवर यादी सांगितली की मुलाच्या हाती सामान घरी पोचतं, तेही तिसऱ्या मजल्यावर आणि पोचवण्याचं वेगळं शुल्क न लावता. आपल्या गल्लीला काय लागतं हे त्याला पाठ असतं. कोल्हापुरात तो कांदा-लसूण चटणीला लागणारी मिरची हंगामात मागवून ठेवतो, कोकणात त्याच्याकडे कोकमाचं आगळ असतं, नागपूरच्या दुकानात जवस आणि लाखोळी डाळ असते. एकट्या राहणाऱ्या वयस्क माणसाचं रोजचं दूध उचललं गेलं नाही, की पहिली चौकशी बहुतेक वेळा दुकानातूनच होते.

आणि उधारी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा किराणा दुकानं अत्यावश्यक सेवेत धरून उघडी ठेवली होती. पगार थांबलेल्या कितीतरी घरांनी ते महिने दुकानदाराच्या वहीवर काढले. वही ठेवणारा माणूस आपल्याला ओळखत होता म्हणून ते जमलं. ज्या दुकानाला आपण वर्षभर काहीच धंदा देत नाही, ते अडचणीच्या वेळी शिल्लक असेल असं धरून चालणं बरोबर नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की, यादीतला काही भाग, निदान डाळी-कडधान्यं आणि मसाल्याचं सामान, जवळच्या दुकानाला द्यावाच. महिन्याला शे-दोनशे जास्त गेले तरी चालतील. ज्यांना ते परवडतं त्यांनी एवढं नक्की करावं.

आमच्याकडे पैसे रोज किंवा आठवड्याला येतात. आम्ही महिन्याचा किराणा कसा भरणार?

घाऊक घ्या, वर्षाचं भरा, सुटीच्या दिवशी मॉलला जा, हे सल्ले एकरकमी पगार घेणाऱ्यांसाठी असतात. बांधकामावर, शेतात किंवा घरकाम करणाऱ्या बाईच्या हातात पैसे थोडेथोडे येतात आणि ती तशीच खरेदी करते: पाव किलो तेल, दहाची चहापत्ती, पाचचा शाम्पू. तिला हिशेब कळत नाही असं अजिबात नाही. हातात तेवढेच पैसे असतात. छोट्या पुडीत बऱ्याच वस्तू किलोमागे महाग पडतात आणि उधारीच्या दुकानात भाव करता येत नाही, म्हणजे कमी पैसे असणाऱ्याला तीच वस्तू जास्त भावानं घ्यावी लागते. हे अन्यायाचंच आहे.

यावर चालण्याजोगे मार्ग थोडे आहेत, पण आहेत. बचत गट असेल तर गटाच्या अंतर्गत कर्जातून एकदाच तांदळाचं पोतं, तेलाचा डबा आणि साखर घ्यायची, घरटी वाटून घ्यायची आणि प्रत्येकीनं आठवड्याला हप्ता भरायचा. व्याज गटाच्याच खात्यात राहतं आणि घाऊक भावाचा फायदा प्रत्येक घराला मिळतो. गट नसेल तर शेजारच्या तीन-चार घरांनी सुरुवात फक्त तेल आणि तांदळापासून करावी, कारण बिलात तेच जास्त असतं. भिशीचा हप्ता मिळतो त्या महिन्यात उधारी पूर्ण मिटवून घ्या. वही कोरी झाली की त्याच दुकानदाराशी भावाबद्दल बोलता येतं. आणि वहीतली नोंद दर वेळी स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला बरोबर न्या. यात दुकानदारावर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही, दोघांच्याही हिताचं आहे.

रेशनचं धान्य घ्यावं का? दर्जा चांगला नसतो म्हणतात.

हक्काचं आहे, घ्यावं. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय, म्हणजे सगळ्यात गरीब, कुटुंबाला मिळून ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. दर्जा दर महिन्याला सारखा नसतो, हे खरं. गहू वाळवून, चाळून, निवडून दळला तर पोळ्या व्यवस्थित होतात. तांदूळ भाताला आवडत नसेल तर इडली-डोसा, घावन आणि पिठीसाठी उत्तम. कीड लागलेलं किंवा भिजलेलं धान्य पुढे केलं तर घेऊ नका, बदलून मागा.

बाहेरगावी कामाला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. आधारशी जोडलेल्या शिधापत्रिकेवर दुसऱ्या जिल्ह्यात किंवा दुसऱ्या राज्यातही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य उचलता येतं. बीडहून कोल्हापूर-सांगलीकडे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी ही सोय फार मोलाची आहे.

सहकारी भांडार, ग्राहक पंचायत हे अजून चालू आहे का?

चालू आहे, आणि नव्या पिढीला याची माहिती कमी आहे याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुंबईत नायगावला गिरणी कामगारांनी १९४८ मध्ये सहकारी दुकान सुरू केलं, त्यातून अपना बाजार उभं राहिलं. स्वातंत्र्यानंतरचा तो टंचाईचा काळ होता. काळ्या बाजारात जावं लागू नये, योग्य वजनात आणि योग्य भावात धान्य मिळावं ही साधी गरज होती. कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगरचा वारणा बाजार सहकारातूनच वाढला. गोव्यात फोंड्याची गोवा बागायतदार संस्था शेतकऱ्यांची सुपारी, नारळ, काजू विकत घेते आणि तिच्याच दुकानांतून लोक महिन्याचं सामान भरतात. सुपारी घालायला आलेला बागायतदार जाताना घरचा किराणा घेऊन जातो. पैसा एकाच संस्थेत फिरतो.

ग्राहक पंचायतीची पद्धत वेगळी. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ च्या गुढीपाडव्याला सुरू झाली. तिथे दुकानच नाही. शेजारची दहा-बारा किंवा जास्त घरं मिळून एक संघ करतात. दर महिन्याला प्रत्येक घर छापील यादीवर मागणी भरतं, सगळ्या संघांची मागणी एकत्र करून माल थेट उत्पादकाकडून किंवा घाऊक बाजारातून घेतला जातो आणि ठरल्या दिवशी संघातल्या एका घरी उतरतो. तिथे सभासद स्वतः वाटप करतात. मधले टप्पे आणि जाहिरात नाही, म्हणून भाव कमी. जे घ्यायचं ते आधीच लिहून द्यायचं असल्यानं मोहाची खरेदीही होत नाही. शीतपेयांसारख्या गोष्टींना यादीत जागा द्यायची नाही, हा संस्थेचा विचारही मला पटतो.

अडचण एकच, वेळ द्यावा लागतो. वाटपाच्या दिवशी कुणीतरी घरी असायला हवं, पिशव्या मोजायला हव्यात. जिथे दोघंही नोकरीला जातात तिथे संघ टिकवणं अवघड होतं आणि बरेच संघ याच कारणानं थांबले.

आमच्या सोसायटीत असं एकत्र मागवायचं असेल तर?

लहान सुरुवात करा. सहा-सात घरं पुरेत. पहिल्या वेळी फक्त गहू, तांदूळ आणि तूरडाळ. तेल, साबण, मसाले यांत पडू नका, कारण प्रत्येकाची आवड वेगळी आणि वाद तिथूनच सुरू होतात.

नमुना आधी आणा. पुण्यात मार्केट यार्ड किंवा भवानी पेठ, मुंबईकरांसाठी वाशीचा बाजार. इतर शहरांत बाजार समितीच्या आवारात भुसार आडते असतातच. पाव-पाव किलोचे नमुने घरोघरी शिजवून बघा, मगच मागणी द्या. पैसे आधी गोळा करा. हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा, नाहीतर ज्यानं पुढाकार घेतला त्याच्याच खिशातून भरपाई होते. हमाली आणि टेम्पोचं भाडं किलोमागे वाटून भावातच धरा. पोतं घरी मोजा. मोकळ्या पोत्याचं वजन वजा करायला विसरू नका.

थेट शेतकऱ्याकडून घ्यायचं असेल तर उन्हाळ्याच्या सुरुवातीला बऱ्याच जिल्ह्यांच्या ठिकाणी कृषी विभागाचे आणि पणन मंडळाचे धान्य महोत्सव भरतात. मावळ-मुळशी-भोरकडचा इंद्रायणी, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, मंगळवेढ्याची ज्वारी तिथे पिकवणाऱ्याच्या हातून मिळते. इंद्रायणी हे वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रानं १९८७ मध्ये दिलं. आज त्या नावानं कितीतरी वेगळा तांदूळ खपवला जातो. खऱ्या इंद्रायणीचा भात मऊ, चिकटसर होतो आणि शिजताना घरभर वास सुटतो. एकदा ओळखीचा शेतकरी मिळाला की त्याचा नंबर जपून ठेवा. पुढच्या वर्षी महोत्सवाची वाट बघावी लागत नाही.

काही मिनिटांत घरी देणारी ॲप वापरावीत का?

गरजेला वापरावीत. पाहुणे दारात आहेत आणि दही नाही, घरात तान्हं मूल आहे, कुणी आजारी आहे, अशा वेळी ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट फार उपयोगी पडतात. महिन्याचा किराणा मात्र तिथून भरू नये असं मला वाटतं. वस्तूचा भाव ठीक दिसतो, पण हाताळणी शुल्क, पोचवण्याचं शुल्क, छोट्या खरेदीचं शुल्क, पावसात किंवा गर्दीच्या वेळी जादा शुल्क अशी भर शेवटच्या पानावर पडते. मग शुल्क वाचवण्यासाठी आपण आणखी दोन वस्तू टाकतो. महिन्याच्या शेवटी ॲपमधला खरेदीचा इतिहास उघडून सगळ्या शुल्कांची बेरीज करून बघा.

दुसरं म्हणजे डाळ-तांदूळ हातात घेऊन बघता येत नाहीत. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: ते सामान घेऊन भर वाहतुकीत दुचाकी हाकणारा मुलगा. आपल्याला अर्ध्या तासानं चाललं असतं अशा कोथिंबिरीसाठी त्यानं सिग्नल तोडावा, हे मला सहन होत नाही. मागवलंच तर त्याला पाणी विचारा आणि लिफ्ट वापरू द्या.

वर्षाचं धान्य भरून ठेवणं आता परवडतं का?

जागा, ऊन आणि एकरकमी पैसे या तिन्ही गोष्टी असतील तर हो. नवीन माल बाजारात येतो तेव्हा आवक जास्त आणि निवडीला वाव असतो. तूर साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत निघते, रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू मार्च-एप्रिलमध्ये. मिरची, हळद, धने यांची खरेदीही याच सुमारास होते. मुंबईत लालबागच्या मसाला गल्लीत एप्रिल-मेमध्ये पाय ठेवायला जागा नसते ती यामुळेच. तांदूळ मात्र नवा घाईनं घेऊ नका. दिवाळीनंतर आलेला नवा तांदूळ भाताला चिकट होतो. मोकळा भात हवा असेल तर जुना मागा.

गहू कडक उन्हात वाळवून, थंड करून, एरंडेल चोळून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कोठीत भरला की टिकतो. गरम धान्य डब्यात भरलं की आत वाफ धरते आणि कीड लागते. काही जण बोरिक पावडर लावतात. ती पोटात जाण्याची वस्तू नाही, लावू नका. कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्याची दमट हवा असते, तिथे तीन-चार महिन्यांपेक्षा जास्त साठवू नये. दोन खोल्यांच्या घरात कोठीसाठी जागा अडवण्यापेक्षा तिमाही खरेदी बरी.

सुटं घ्यावं की पाकिटातलं?

धान्य-डाळी खात्रीच्या दुकानातून सुट्या. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या वेष्टनबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळी-पिठांवर ५ टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. हळद-तिखट सुटं घेऊ नये. रंगाची भेसळ डोळ्यांनी कळत नाही. अख्खी मिरची आणि हळकुंड आणून डंकावर कुटून आणणं सगळ्यात चांगलं, ते जमत नसेल तर १४ आकडी अन्नसुरक्षा परवाना क्रमांक असलेलं पाकीट घ्या. सुटं खाद्यतेल विकायला नियमानं बंदी आहे. डोळ्यांसमोर काढून देणाऱ्या लाकडी घाण्याचं असलं, तरी बाटलीवर लेबल आणि परवाना क्रमांक मागावा.

भाजी कुठून?

मॉलमधून नको. आठवडी बाजार जवळ असेल तर तिथूनच. २०१६ मध्ये राज्य सरकारनं बाजार आवाराबाहेरच्या फळं-भाजीपाल्याच्या विक्रीवरचं बाजार समितीचं नियमन उठवलं आणि संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावानं शहरांत शेतकरी आठवडे बाजार सुरू झाले. तिथे भाव फार पाडून मागू नये. ज्यानं पिकवलं तोच समोर उभा असतो.

गोव्यात म्हापशाचा शुक्रवारचा बाजार एकदा तरी बघावा असा आहे: मोयराची केळी, हरमलची मिरची, आमसुलं, गावठी तांदूळ, सगळं गावागावांतून आलेल्या बायका मांडून बसतात.

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी काय करावं?

तिथेही यादी विभागणं हेच उत्तर. अमेरिकेत दूध, कांदे, बटाटे, तेल मोठ्या गोदामी दुकानातून आणि डाळी, पोहे, साबुदाणा, ज्वारीचं पीठ भारतीय दुकानातून असं बहुतेक घरं करतात. शिकागोच्या डेव्हन अॅव्हेन्यूवर १९७४ मध्ये सुरू झालेलं पटेल ब्रदर्स आता अनेक राज्यांत आहे. लंडनकरांना वेंब्लीची ईलिंग रोड आणि साउथहॉल ठाऊक असतंच. पाकिटावरची तारीख मात्र नक्की बघा. भाजणी, गोडा मसाला आणि मेतकूट इतक्या प्रवासानंतर वास हरवतात, ते भारतातून येणाऱ्याबरोबर ताजं मागवणंच बरं.

वजन कमी भरलं किंवा छापील किमतीपेक्षा जास्त घेतलं तर?

आधी दुकानातच शांतपणे सांगा. बहुतेक वेळा तिथेच मिटतं. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात. थंड करण्याचे किंवा सुट्या पैशांचे म्हणून त्या वस्तूवर जादा रक्कम लावता येत नाही. किंमत वाढवण्यासाठी जुन्या किमतीवर नवा स्टिकर चिकटवणंही चालत नाही. वजनकाटा चालू करताना आकडा शून्यावर आहे का ते बघा. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैधमापन विभागाकडून पडताळणी व्हावी लागते आणि तिचं प्रमाणपत्र दुकानात लावलेलं असतं. मिठाई आणि सुकामेव्याचं वजन खोका वगळून करायचं असतं, हे सणासुदीला विशेष लक्षात ठेवा.

ऐकलं गेलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. मराठीतही बोलता येतं. बिल, पाकिटाचा फोटो आणि तारीख जवळ ठेवा. वाण्याकडे छापील बिल मिळत नसेल तर कोऱ्या कागदावर दुकानाचा शिक्का, तारीख आणि रक्कम लिहून मागा. यादीच्या मागच्या बाजूला लिहून दिलं तरी चालेल.